चौसष्टावं चिन्ह

माझ्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला येणारा प्रत्येक माणूस खोटं बोलतो. वीस वर्षांच्या अनुभवावर सांगतो. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे. वर एकच दांडगं अक्षर, आणि खाली येताना ओळी बारीक बारीक होत गेलेल्या. तिसऱ्या ओळीपर्यंत माणूस खणखणीत वाचतो, चौथीला डोळे किलकिले करतो आणि पाचवीला सरळ ठोकून देतो. "म... नाही, भ. भच आहे." अहो, दिसत नाही तर दिसत नाही म्हणा ना! मी काय परीक्षेला बसवलंय तुम्हाला? पण नाही. आपल्याला दिसत नाही एवढं कबूल करायला लोकांच्या अगदी जिवावर येतं.

याला अपवाद फक्त एक. माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दरवर्षी एकदा येतात, खुर्चीत ताठ बसतात, ओळी एकेक करून वाचतात आणि शेवटच्या ओळीला पोचले की "दिसत नाही" म्हणून मोकळे होतात. एकदा मी म्हणालो, "दाजी, अंदाजानं सांगा की." तर म्हणाले, "अंदाजच करायचा असता तर घरी बसून केला असता. एवढा रस्ता ओलांडून कशाला आलो असतो?"

लग्नाआधी ते पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा वडिलांनी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, "प्रवास कसा झाला?" दाजी म्हणाले, "पहिला अर्धा तास मला डुलकी लागली होती, त्यामुळे तेवढ्याचं सांगता येणार नाही. पुढचा बरा झाला." वडील खूश झाले, ताईनं डोक्याला हात लावला, आणि लग्न झालं. विनोद म्हणजे नसलेली गोष्ट असल्यासारखी सांगणं, असं दाजींचं मत. त्यामुळे अख्ख्या आयुष्यात त्यांनी एकही विनोद केला नाही. कचेरीत त्यांना 'जसंच्या तसं' म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि ते ओ देतात.

त्यांची कचेरी माझ्या दुकानासमोरच आहे. जन्माच्या नोंदी ठेवणारी. तीन पायऱ्या, हिरवं दार, आत लाकडी काउंटर आणि काउंटरच्या काचेला अर्धचंद्राकृती भोक, ज्यातून कुणाचाही आवाज नीट ऐकू जात नाही. पूर्वी तिथं जुन्या वह्यांच्या थप्प्या असायच्या. मग हुकूम आला की सगळ्या पानांचे फोटो काढून संगणकात घाला. ते काम दाजींनी चार वर्षं केलं. पानं भरली पासष्ट हजार पाचशे एकतीस. ती झाल्यावर त्या पानांचं एक झाड करायचं ठरलं, आणि आमच्या घरातली शांतता गेली ती तेव्हापासून.

झाड म्हणजे काय, हे दाजींनी आम्हाला जेवताना समजावून सांगितलं. माझी आमटी तीनदा गार झाली, पण समजलं. प्रत्येक पानाचा एक ठसा निघतो. शाईचा नाही. चौसष्ट चिन्हांची एक ओळ, शून्य ते नऊ आकडे आणि मध्येमध्ये ए ते एफ ही सहा रोमन अक्षरं. पानावरचा एक ठिपका जरी इकडचा तिकडे झाला, तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. मग शेजारच्या दोन पानांचे ठसे जोडून त्यांचा मिळून एक नवा ठसा काढायचा. असे दोन नवे ठसे जोडून त्यांच्यावर आणखी एक. करत करत सोळा मजले चढलं की सगळ्यात वर एकच ठसा उरतो. त्याला मूळ म्हणायचं.

"झाडाचं मूळ वर कसं?" मी विचारलं.

"आमचं झाड उलटं आहे," दाजी म्हणाले.

"तुमचं सगळंच उलटं आहे," ताई म्हणाली.

जोड्या बरोबर लागाव्यात म्हणून पाच पानं कमी पडत होती. म्हणून पाच कोरी पानं जोडली. कचेरीच्या मोठ्या बाईंनी त्या पाचांवर 'कोरे' असा शिक्का मारून घेतला. शिक्का मारल्यावर ती कोरी राहिली नाहीत, हे दाजींनी त्यांना लेखी कळवलं. उत्तर अजून आलेलं नाही.

या झाडाची गंमत अशी की एका माणसाचा जन्म पडताळायला सगळी पासष्ट हजार पानं उघडावी लागत नाहीत. त्याच्या पानाचा ठसा घ्यायचा, त्याला शेजारच्या पानाचा जोडायचा, मग वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचा, मग त्याच्या वरच्या. सोळा शेजारी जोडत गेलं की माणूस मुळापाशी पोचतो. मूळ जुळलं तर पानाला कुणी हात लावलेला नाही. नाही जुळलं तर कुठंतरी पाणी मुरतंय. आमच्या ताईनं हे ऐकून काळजीनं विचारलं, "त्या सोळा जणांना कचेरीत बोलवावं लागतं का? चहापाणी कोण बघतं?"

आता मूळ ठेवायचं कुठं? संगणकातच ठेवलं, तर जो पान बदलेल तो मूळही बदलेल, मग पडताळायचं काय, कपाळ? म्हणून मूळ संगणकाच्या बाहेर हवं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हवं आणि कुणाला खोडता येऊ नये असं हवं. मोठ्या बाईंनी ते संगमरवरात कोरून दाराशेजारच्या भिंतीवर बसवून घेतलं. कोरणाऱ्यानं सुरुवात ऐसपैस केली, शेवटी शेवटी त्याला जागा पुरेना, आणि चौसष्टावं चिन्ह बिचारं उजव्या कोपऱ्यात अंग चोरून बसलं.

रोज सकाळी साडेदहाला दाजी वही घेऊन बाहेर यायचे. दगडासमोर उभे राहून एकेक चिन्ह वाचायचे, वहीत उतरवायचे, आत जाऊन संगणकात भरायचे आणि रजिस्टरात सही करायचे. सहीच्या वर छापलेलंच होतं, 'दगडावरून वाचून भरले'. ते भरल्याशिवाय त्या दिवशीचा एकही दाखला निघत नसे. ऊन असो, पाऊस असो. आठव्या दिवशी त्यांना ते तोंडपाठ झालं असणार. तरी सात वर्षं ते बोट ठेवून वाचत राहिले. रस्त्यावरचे लोक घड्याळं लावायचे त्यांच्यावर.

हे सगळं सुरळीत चाललं, ते त्यांची दाढ दुखेपर्यंत.

त्या महिन्याच्या आठ तारखेला दाजी सकाळचं वाचन करून दाढ काढायला गेले. सात वर्षांतली पहिली अर्धी रजा. नेमका त्याच दुपारी गवंडी आला. दगड एका बाजूनं सुटायला लागला होता, म्हणून मोठ्या बाईंनी त्याला बोलावलं होतं. त्यानं चार कोपऱ्यांत चार भोकं पाडली, चार बोल्ट मारले आणि त्यांवर चार पितळी फुलं बसवली. काम सुबक झालं. मी दुकानातून बघत होतो, मलाही आवडलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला दाजी वही घेऊन बाहेर आले. गाल सुजलेला होता. त्रेसष्ट चिन्हं वाचली. मग बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. मी काउंटरवरून मान उंच करून बघितलं, तर दाजींचं बोट पितळी फुलावर होतं.

गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, मोकळा कोपरा होता कुठं? एवढी त्रेसष्ट शाबूत ठेवली, त्याचं कुणी काही बोलत नाही."

दाजींनी संगणकात त्रेसष्ट चिन्हं भरली. संगणक म्हणाला, 'मूळ अपूर्ण. पडताळणी बंद.' आणि त्या दिवसापासून आमच्या गावात कुणाचाही जन्म झाला होता याला काही पुरावा उरला नाही.

एरवी मी म्हणालो असतो, बसा बोंबलत. पण या भानगडीत माझी भाची अडकली होती.

तिला आम्ही छोटी म्हणतो. घरात सगळ्यात उंच तीच आहे. लहानपणापासून तिच्या डोक्यात एकच, जहाजावर अधिकारी व्हायचं. पाणी म्हणाल तर आमच्या इथं फक्त नळाला, तेही ठरलेल्या वेळी. पण पोरीनं जिद्द सोडली नाही. दोनदा परीक्षेत हुकली, तिसऱ्यांदा पास झाली. पंचवीस तारखेच्या आत सगळी कागदपत्रं दाखल करायची होती, आणि त्यात पहिला कागद पडताळलेला जन्मदाखला. वयाची अट पंचविसाची. छोटी चोविसाची होती आणि तीन महिन्यांत पंचवीस पूर्ण करणार होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

"बाबा," ती म्हणाली, "शेवटचं चिन्ह तुला पाठ आहे ना?"

"आहे."

"मग भर."

"भरता येईल. सही करता येणार नाही. तिथं 'वाचून भरले' असं आहे. 'माहीत आहे' असं नाही."

"त्रेसष्ट जुळतायत, बाबा! पान बदललेलं असतं तर त्रेसष्ट कशी जुळली असती? एक तरी जुळलं असतं का धड?"

"बरोबर आहे तुझं," दाजी म्हणाले. "मला शंका नाहीच. प्रश्न सहीचा आहे. मी डोक्यातलं भरलं, तर या गावातल्या सगळ्यांचा जन्म माझ्या डोक्यावर उभा राहील. आज माझं डोकं ठीक आहे. उद्या?"

"आजच ठीक आहे असं कोण म्हणालं?" ताई कडाडली. "पोटची पोर आहे ती! ती जन्मली तेव्हा तुम्ही हजर होतात!"

"मी बाहेर व्हरांड्यात होतो," दाजी म्हणाले. "आत काय झालं ते मला नर्सनं सांगितलं."

त्यानंतर ताई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. मला राग आला होता, आणि तो मी लपवणार नाही. असल्या प्रामाणिकपणाला काय चाटायचंय? दुसऱ्यांची पोरं याच कचेरीतून दाखले घेऊन कुठल्या कुठे गेली, आणि कारकुनाच्या स्वतःच्या पोरीनं एका पितळी फुलापायी घरी बसायचं?

मोठ्या बाईंनी आपल्या परीनं वाट काढायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "शेवटच्या जागी सोळाच चिन्हं असू शकतात. एकेक टाकून बघा. जे जुळेल ते खरं." दाजी म्हणाले, "म्हणजे संगणकालाच विचारायचं आणि संगणकालाच सांगायचं. मग दगड कशाला बसवला होता?" बाईंनी वर पत्र लिहिलं, नवीन दगडाची परवानगी द्या. वरून उत्तर आलं की नव्या दगडावरचा मजकूर जुन्याशी जुळत असल्याचं पडताळणी पत्र जोडावं. पडताळणी तर बंद. मग त्यांनी दाजींचं काम दुसऱ्याकडे द्यायचं ठरवलं. पण कामाचा ताबा घेणाऱ्याचा जन्मदाखला पडताळलेला हवा, असा नियम. तोही बंद. बाईंनी हात टेकले आणि खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायला लागल्या. त्या पंधरवड्यात त्या कुंड्या नुसत्या तरारल्या होत्या.

बाहेर मात्र गर्दी वाढायला लागली. ज्यांना दाखला हवा होता ते रोज साडेदहाला दगडासमोर जमायचे. दाजी त्रेसष्ट वाचायचे आणि गर्दी श्वास रोखून उभी राहायची, जसं काही फुलाखालून आपोआप काही उगवणारच आहे. "नऊ म्हणा, साहेब!" कुणीतरी ओरडायचं. "नको, चार! चार बरा आहे!" एक निवृत्त मास्तर मतदान घ्या म्हणून अर्ज घेऊन आले. एक सत्तरीचे आजोबा रोज येऊन विचारायचे की मी अजून जन्मलो नसेन, तर माझी कंबर का दुखते. शेजारच्या खोलीत मृत्यूच्या नोंदी होत्या, त्यांचं झाड वेगळं, मूळ वेगळं, काम चोख चाललेलं. म्हणजे आमच्याकडे त्या दिवसांत जन्मल्याशिवाय मरायची सोय होती. त्या खोलीतला कारकून दारात उभा राहून आमच्या गर्दीकडे अगदी दयेनं बघायचा.

माझ्या दुकानात मात्र धंदा जोरात. उभं राहून कंटाळले की लोक डोळे तपासून घ्यायचे. आणि पाचव्या ओळीला सगळे खोटं बोलायचे.

चोवीस तारखेला सकाळी दाजी माझ्या दुकानात आले. हनुवटी खाली, डोळ्यांखाली काळं. पंधरा दिवसांत माणूस पार उतरला होता. म्हणाले, "काचांवरचे चरे बघायचं तुझं ते भिंग आहे ना, सगळ्यात मोठं दाखवणारं, ते घेऊन चल. नियम बघितला मी. वाचताना चष्मा, भिंग, दिवा काहीही वापरता येतं. बोल्ट काढू. भोकाच्या कडेला चिन्हाचा एखादा टवका राहिला असेल, तर तो वाचेन."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर दिसत नाही म्हणेन. असला, तरी दगडाबद्दल शंका आहे म्हणून दुसऱ्या वाचकाची सही लागते. कुणीही चालतो. तू चालशील. तुझे डोळे चांगले आहेत."

बोल्ट गवंड्यानंच काढला. फूल खिशात टाकायला निघाला होता, दाजींनी ते पावती देऊन ताब्यात घेतलं. मी स्टूल आणलं, दिवा आणला, भिंग भोकावर धरलं. आधी मी बघितलं. गवंडी कामाला पक्का होता, हे मला कबूल केलंच पाहिजे. अंगठ्याएवढं गोल गुळगुळीत भोक, कडा स्वच्छ. संगमरवराची पांढरी पूड. बाकी काही नाही. रेघ नाही, टवका नाही, ओरखडासुद्धा नाही.

मग दाजींनी डोळा लावला. पाच मिनिटं गेली. "दिसत नाही," ते म्हणाले. दिवा उजवीकडून धरायला सांगितला. "दिसत नाही." डावीकडून. "दिसत नाही." खालून. चष्मा काढून. चष्मा घालून. माझा हात भरून आला. तासभर माणूस त्या भोकात बघत होता आणि दर वेळी तेच दोन शब्द, त्याच आवाजात, जसे माझ्या खुर्चीत बसून म्हणायचे तसे. मला राग यायचा बंद झाला होता. नुसतं भरून येत होतं.

तेवढ्यात छोटी आली. गर्दीतून वाट काढत स्टुलापाशी उभी राहिली आणि तिनं बापाच्या पाठीवर हात ठेवला.

"बाबा, राहू दे," ती म्हणाली. "उतर खाली. मी पुढच्या वर्षी जाईन. मी चौकशी केलीय, पुढच्या वर्षीही चालतं."

छान हसून म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. ती प्रवेशाची पुस्तिका दाजींनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली होती, छापखान्याच्या पत्त्यासकट. वयाची अट अकराव्या पानावर होती. पोर खोटं बोलत होती, ते त्यांना कळलं, आणि आपल्या बापाला त्रास नको म्हणून बोलतेय, तेही कळलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही, मीही मध्ये डोळे पुसत होतो.

मग ते वळले आणि परत भिंगाला डोळा लावला.

"सात," दाजी म्हणाले.

गर्दीतून एकदम आवाज उठला. दाजींनी हात वर केला, तसा तो बसला.

"दुसऱ्या वाचकानं बघावं," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता स्टुलावरून उतरले. मी चढलो. भोक होतं तसंच होतं. गोल, गुळगुळीत, रिकामं. जन्मभर मी लोकांना सांगत आलोय, दिसतं तेच बोला. माझ्या कानशिलाजवळ दाजींचा श्वास ऐकू येत होता.

"नीट बघ," ते हळूच म्हणाले.

"नीटच बघतोय," मी म्हणालो. "सात आहे. स्वच्छ दिसतोय."

आत जाऊन त्यांनी चौसष्ट चिन्हं भरली. सही केली. मी त्यांच्याखाली केली. संगणकानं छोटीच्या पानाचा ठसा काढला, त्याला शेजारच्या पानाचा जोडला, ते पान कुणा बेकरीवाल्याच्या मुलाचं, मग त्यावरचा, मग त्यावरचा, असे सोळा शेजारी हात धरून वर चढले आणि पडद्यावर आलं, 'जुळले. फेरफार नाही.' दाखला छापून निघाला तेव्हा गर्दीनं टाळ्या वाजवल्या. ते सत्तरीचे आजोबा दोन्ही हात वर करून ओरडले, "झालो! झालो!" छोटी त्याच दुपारच्या गाडीनं गेली. जाताना तिनं बापाला काही विचारलं नाही. नुसती घट्ट मिठी मारली, आणि तिची हनुवटी त्यांच्या टकलावर टेकली.

मला वाटलं, सुटलो. पण दाजी म्हणजे दाजी. आठवड्याभरानं त्यांनी मोठ्या बाईंना अर्ज दिला. 'दिनांक चोवीस रोजी मी दगडावर नसलेले चिन्ह वाचल्याची सही केली. दुसऱ्या वाचकाची चूक नाही, तो माझा मेहुणा आहे. योग्य ती कारवाई व्हावी.' बाईंनी दोन दिवस विचार केला आणि उत्तर दिलं. 'संपूर्ण झाड पडताळले. मूळ जुळते. सबब कोणताही फेरफार झाल्याचे दिसून येत नाही. अर्ज निकाली.'

दाजींनी परत अर्ज केला, की पानांत फेरफार झाला असं मी म्हणतच नाही, फेरफार माझ्यात झाला आहे. त्यावर उत्तर आलं की कर्मचाऱ्यांची पडताळणी या कचेरीच्या कक्षेत येत नाही. मात्र दोन्ही अर्ज कचेरीच्या पत्रव्यवहाराच्या नव्या झाडात दाखल केले आहेत. म्हणजे आता त्या अर्जांतला एक ठिपकासुद्धा कुणाला कधी बदलता येणार नाही. दाजींचा गुन्हा कुणी मान्य करायला तयार नाही, पण तो खोडणंही कुणाच्या हातात नाही.

मग नवीन दगड आला. आता पडताळणी पत्र होतं ना! बोल्ट या वेळी चौकटीच्या बाहेर मारले. पहिल्या दिवशी साडेदहाला दाजी वही घेऊन आले, बोट ठेवून वाचत वाचत उजव्या कोपऱ्यापर्यंत गेले. सात होता तिथं. ठसठशीत, खोल कोरलेला. मी रस्ता ओलांडून त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.

"आता तरी दिसला ना?" मी म्हणालो.

"दिसला," ते म्हणाले. "पण कोरणाऱ्यानं तो माझ्याच वहीतून घेतलाय."

ते आत गेले, भरलं, सही केली. त्या दिवसापासून मात्र ते रस्ता ओलांडताना दोन्हीकडे चारचारदा बघतात. अख्ख्या गावाचा जन्म डोक्यावर घेऊन चालणाऱ्या माणसाला पडून चालत नाही.

गेल्या आठवड्यात ते डोळे तपासायला आले. छोटीचं पत्र आलं होतं, ते आधी मला वाचून दाखवलं. जहाजावर तिला पहिल्यांदा पहाऱ्याला उभं केलं होतं, आणि समोर काय दिसतं ते दर थोड्या वेळानं मोठ्यानं सांगायचं काम दिलं होतं. धुकं होतं. तिनं पूर्ण चार तास 'काही दिसत नाही' असंच सांगितलं आणि कप्तानानं तिला शाबासकी दिली. दाजींनी पत्राची घडी नीट मूळच्या घडीवर घातली आणि खुर्चीत ताठ बसले. पहिली ओळ वाचली. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. शेवटच्या ओळीपाशी थांबले.

"शेवटची?" मी विचारलं.

त्यांनी तक्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"सात," ते म्हणाले.

माझ्या तक्त्यावर आकडे नाहीत. एकही नाही. मला कळायला थोडा वेळ लागला, कारण या माणसाच्या तोंडून विनोद ऐकायची सवयच नव्हती. मग मी असा हसत सुटलो की भिंग हातातून पडलं, आणि दाजीही हसत होते, खांदे हलवत, आवाज न करता, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना जी धार लागली ती लवकर थांबेना. मी त्यांना काचा पुसायचं फडकं दिलं.

"दिसत नाही असं लिही," ते नाक पुसत म्हणाले, आणि मी तसं लिहिलं.